कौल आणि शालोम : हिब्रू संदेष्ट्यांच्या अभयवचनाचा अर्थ

मोडी कागद चाळणाऱ्याला कौल हा शब्द नवा नाही. लष्कराच्या येण्याजाण्याने, दुष्काळाने किंवा जाचक वसुलीने गाव ओस पडे, कुळे परागंदा होत. मग सरकारातून पाटलाच्या, देशमुखाच्या किंवा रयतेच्या नावे कौल जाई. आशय साधारण ठरलेला असे : माघारी या, जमीन कसा, पहिली काही वर्षे सारा हलका राहील, पुढे वर्षावर्षाने चढेल, कोणाचा उपसर्ग लागणार नाही. चढत्या साऱ्याच्या या कौलाला इस्तावा म्हणत. त्या कागदावर विसंबून माणसे बैलबारदाना घेऊन परत येत आणि पडीक रान पुन्हा नांगराखाली येई. कौल मोडला तर गाव पुन्हा उठून जाई.

दुसरा कौल देवळातला. कोकणात आणि घाटमाथ्याच्या गावांत देवाला कौल लावण्याची रीत अजून आहे. मूर्तीला लावलेले फूल उजवीकडे पडते की डावीकडे, यावर पेरणीपासून सोयरिकीपर्यंतचे निर्णय होतात. राजाने दिलेला शब्द आणि देवाने दिलेला शब्द, दोन्हींना मराठीने एकच नाव दिले आहे. मूळ अरबी 'कौल' म्हणजे बोल. अरबीची बहीण असलेल्या हिब्रूत याच कुळातला 'कोल' हा शब्द आवाज या अर्थी येतो आणि संदेष्ट्यांच्या ग्रंथांत देवाच्या वाणीसाठी तो पुन्हा पुन्हा वापरला जातो.

या ग्रंथांत देवाने आपल्या लोकांना शांतीचे आणि निर्भयतेचे जे वचन दिले आहे, ते वाचताना मला नेहमी हा कौल आठवतो. मी सेमिनरीत शिकलेला नाही आणि हिब्रूचा पंडितही नाही. मराठी बायबल, एकदोन इंग्रजी भाषांतरे आणि हिब्रू शब्दकोश शेजारी ठेवून जे हाती लागले ते येथे मांडतो. आपल्याकडे या वचनाचे दोन अर्थ प्रचलित आहेत. एक म्हणजे मनाची शांती, ध्यानाला बसल्यावर मिळते तशी. दुसरा म्हणजे जगाच्या अंताचे भाकीत, ज्याच्या तारखा काढता येतात. मूळ ग्रंथ जवळून वाचले तर दोन्ही अर्थ अपुरे पडतात. ते वचन जमिनीचे आहे, घराचे आहे, रात्रीच्या झोपेचे आहे. आणि कौलासारखेच त्याला अटी आहेत.

आधी शब्द पाहू. मराठी बायबलमध्ये जेथे 'शांती' येते तेथे हिब्रूत बहुतेक ठिकाणी 'शालोम' असतो. त्याचा धातू पूर्ण असणे, अखंड असणे या अर्थाचा. त्याच धातूपासून देणे फेडणे, नुकसान भरून देणे या अर्थाचे क्रियापद होते. दुसऱ्याचा बैल चोरला तर किती बैल परत द्यायचे, हे सांगणाऱ्या मोशेच्या नियमांत तेच क्रियापद आहे. म्हणजे शालोममध्ये हिशेब चुकता असणे गृहीत आहे. वापर तर आणखी बोलका. याकोब परक्या मुलखात पोहोचल्यावर गुराख्यांना विचारतो, लाबानाला शालोम आहे का? योसेफाला त्याचा बाप पाठवतो ते भावांचे शालोम आणि मेंढरांचे शालोम पाहून यायला. दावीद राजा तर आघाडीवरून आलेल्या उरीयाला लढाईचे शालोम विचारतो! लढाईची शांती कशी विचारणार? येथे मराठी शब्द लागतो तो खुशाली. जुन्या पत्रांच्या मायन्यात आपण 'क्षेम' आणि 'कुशल' लिहीत आलो, त्या दोन शब्दांत शालोम बऱ्यापैकी बसतो. शब्दकुळाच्या नात्याने पाहिले तर सलाम, सलामत, सलामती हे अरबीतून आलेले आपले रोजचे शब्द शालोमचे सख्खे चुलतभाऊ आहेत. माल सलामत पोहोचला असे आडतीवरचा हमाल म्हणतो, तेव्हा तो यशयाच्या अर्थाच्या बराच जवळ असतो.

शालोमच्या जोडीला येणारा शब्द 'बेटाख'. देशात बेटाख राहणे म्हणजे निर्धास्त राहणे. याचा धातू भरवसा ठेवण्याचा आहे. त्यामुळे संदेष्टा निर्धास्तपणाविषयी बोलतो तेव्हा, तुमचा भरवसा कशावर आहे, हा प्रश्न त्या शब्दातच येतो.

हे ग्रंथ मराठीत येण्याचा इतिहास दोनशे वर्षांचा आहे. सेरामपूरला विल्यम केरीने मराठी नवा करार १८११ साली छापला, पुढे जुना करारही आला. मुंबईत अमेरिकन मिशनने नवी भाषांतरे केली. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली आले आणि त्यांच्या शाळांबरोबर हे ग्रंथ आपल्या शहरात वाचले जाऊ लागले. पंडिता रमाबाईंचे काम मला या सर्वांत विलक्षण वाटते. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खे बायबल एकटीने उतरवले. १९२२ साली त्यांचे निधन झाले तोवर काम पुरे झाले होते आणि १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनने ते प्रसिद्ध केले. 'शांती' हा शब्द मात्र या सगळ्या परंपरेत टिकून राहिला. तो चुकीचा नाही. पण संस्कृतातून तो शमण्याचा, निवण्याचा अर्थ घेऊन येतो, आणि मराठी कानाला त्यात संन्याशाचा मठ आधी दिसतो, धान्याचे कोठार दिसत नाही.

संदेष्ट्यांना कोठार दिसत होते. मीखा हा मोरेशेथ नावाच्या खेड्यातला माणूस, इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला. तलवारींचे फाळ होतील हे चित्र यशयाच्या ग्रंथात आहे तसेच मीखाच्याही. पण मीखाच्या ग्रंथात त्यापुढे आणखी एक चित्र येते : प्रत्येक जण आपापल्या द्राक्षवेलीखाली आणि अंजिराखाली बसेल आणि त्याला कोणी भेवडावणार नाही. द्राक्षवेल लावल्यावर फळ धरायला काही वर्षे लागतात, अंजिरालाही लागतात. आपण लावलेल्या झाडाच्या सावलीत बसायला मिळणे म्हणजे मधल्या वर्षांत कोणी घरातून हुसकले नाही, हे त्यात आले. यशयाच्या ग्रंथाच्या अखेरच्या भागात हेच आणखी उघड करून सांगितले आहे : घर बांधील त्यालाच त्यात राहायला मिळेल, लावील त्यालाच खायला मिळेल.

हे चित्र मीखाच्या गावाने उलटे होताना पाहिले असावे. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. तटबंदीची ४६ नगरे घेतली, हिज्कीया राजाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले, असे त्याने स्वतः कोरून ठेवले आहे. मोरेशेथजवळचे लाखीश पडले, त्याची शिल्पे त्याने निनवेच्या राजवाड्यात लावली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत बैलगाडीवर बोचकी आणि बायकापोरे लादून गाव सोडणारी कुटुंबे दिसतात.

याच स्वारीत यरुशलेमाच्या तटाखाली एक भाषण झाले. सन्हेरीबाचा अधिकारी, ज्याला ग्रंथात रब्शाके म्हटले आहे (हे नाव नसून हुद्दा आहे), तटावरच्या लोकांना ऐकू जावे म्हणून मुद्दाम त्यांच्या भाषेत ओरडून बोलला. हिज्कीयाच्या कारभाऱ्यांनी विनवले की अरामी भाषेत बोला, ती आम्हाला कळते. त्याने ऐकले नाही. त्याच्या बोलण्यात भरवशाचा तो धातू वारंवार येतो : कशावर भरवसा ठेवता? मिसरावर? तुमच्या देवावर? मग तो कौल देतो. माझ्याशी तह करा, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या द्राक्षवेलीचे आणि अंजिराचे फळ खाईल, आपापल्या टाक्याचे पाणी पिईल. कधीपर्यंत? तर मी येऊन तुम्हाला तुमच्या देशासारख्याच दुसऱ्या देशात घेऊन जाईपर्यंत.

मीखाचे चित्र आणि रब्शाक्याचे चित्र जवळजवळ एक आहे. वेल तीच, अंजीर तेच. फरक शेवटच्या कलमात आहे, आणि कौल वाचताना जाणत्या पाटलाची नजर आधी तिकडेच जात असावी. ज्याने लाखीश उठवले तोच यरुशलेमाला द्राक्षे दाखवत होता. शांतीचे वचन ओळखायचे तर त्यातली चित्रे किती गोड आहेत हे पाहून भागत नाही. देणारा कोण आणि तो काय मागतो, हे पाहावे लागते.

मीखाने ही कसोटी घरच्या लोकांनाही लावली. ज्यांच्या दाताखाली कोणी काही देते त्यांना शालोम म्हणणारे आणि जो तोंडात काही घालत नाही त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारणारे संदेष्टे त्याने पाहिले होते. रात्री अंथरुणात बेत करून सकाळी दुसऱ्याचे शेत आणि घर बळकावणारे धनवानही पाहिले होते. वेलीखाली बसण्याचे वचन आणि शेत बळकावणाऱ्यांना शाप, हे एकाच छोट्या ग्रंथात आहेत, आणि एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. आमोस हेच सांगतो : गरिबाला तुडवून त्याचे धान्य उकळता, म्हणून घडीव दगडांची घरे बांधलीत तरी त्यांत राहणार नाही. यशयाच्या ग्रंथात बत्तिसाव्या अध्यायात कार्यकारणच जोडले आहे : शालोम हे न्यायाचे पीक, आणि कायमचा बेटाख हे त्याचे फळ.

अट गाळून वचन सांगितले की काय होते, हे यिर्मयाच्या काळात दिसले. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम घेऊन राजाला, सरदारांना आणि कारागिरांना धरून नेले. मागे सिद्कीया राजा उरला. शेजारच्या राज्यांचे वकील बंडाची मसलत करायला जमले तेव्हा यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरला : बाबेलचे जू घ्या, जगाल. मग मंदिरात सर्वांसमक्ष हनन्या नावाचा संदेष्टा उठला. त्याने देवाच्या नावाने सांगितले की दोन वर्षांत मंदिराची भांडी आणि नेलेले लोक परत येतील, आणि यिर्मयाच्या मानेवरचे जू काढून मोडून टाकले.

यिर्मयाचे पहिले उत्तर होते, आमेन. तसेच होवो. त्यालाही माणसे परत यायला हवीच होती. मग त्याने एवढेच सांगितले की आपल्या आधीच्या संदेष्ट्यांनी युद्ध, संकट आणि मरी यांविषयी सांगितले; जो शालोम सांगतो, त्याचे म्हणणे घडून आले म्हणजेच तो पाठवलेला होता हे कळेल. आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. शांतीचे भाकीत करणाऱ्यावर पुराव्याचा भार अधिक, असा हा नियम आहे. मला तो फार शहाणपणाचा वाटतो. वाईट बातमी सांगणाऱ्याला सहसा काही मिळत नाही, चांगली सांगणाऱ्याला तेव्हाच्या तेव्हा टाळ्या मिळतात. पुढे सिद्कीयाने बंड केले आणि इ.स.पू. ५८६ च्या सुमारास शहर आणि मंदिर जळाले.

बाबेलला नेलेल्यांपैकीच एक असलेल्या यहेज्केलाने अशा शांतीसाठी भिंतीची उपमा दिली आहे. लोक कच्ची भिंत उभारतात, संदेष्टे तिला चुना फासतात, मग धो धो पाऊस आणि गारा येतात. पंचगंगेचा २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना हा अध्याय समजावून द्यावा लागत नाही. मातीच्या भिंतीला रंग कोणता होता हे पाणी विचारत नाही. या उपमेचे प्रतिध्वनी पुढेही ऐकू येतात. रोमी साम्राज्यात शांती आणि सुरक्षितता हे शब्द राज्यकर्त्यांच्या नाण्यांवर मिरवत असताना, शांती आहे, निर्भय आहे असे लोक म्हणतील तेव्हाच अकस्मात नाश येईल, असे पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिले.

वेढ्याच्या दिवसांतील आणखी एक प्रसंग यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे. बाबेलचे सैन्य तटाशी असताना सिद्कीयाने लोकांकडून करार करवून घेतला की हिब्रू दास-दासींना मोकळे करायचे. मोकळे केले. मग मिसरची फौज निघाल्याची बातमी आली, बाबेलकर वेढा उठवून तात्पुरते गेले, आणि धोका टळला असे वाटताच मालकांनी त्याच माणसांना परत धरून आणून राबवले. संकटात दिलेला कौल मोडला. यिर्मयाचे उत्तर उपरोधाचे आहे : तुम्ही भावाला मोकळीक दिली नाहीत, तर मी तुम्हाला मोकळीक देतो, तलवारीकडे, मरीकडे, दुष्काळाकडे. शहराच्या निर्धास्तपणाची किंमत घरच्या दासीच्या सुटकेत मोजली जाते, हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे.

बंदिवासात गेलेल्यांना यिर्मयाने पत्र लिहिले, ते मात्र वेगळ्या सुरात. घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याच्या शालोमसाठी झटा व प्रार्थना करा, कारण त्याच्या शालोममध्ये तुमचे शालोम आहे. येथे शत्रूच्या राजधानीची खुशाली चिंतायला सांगितले आहे. हे वाचताना कोल्हापूरकराला वळिवडे आठवावे. सोव्हिएत सत्तेने घरातून उचलून सैबेरियात टाकलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांत बायका आणि मुले अधिक, १९४३ ते १९४८ या काळात तेथल्या छावणीत राहिले. शाळा चालवल्या, चर्च उभारले, संसार केले. महावीर उद्यानातले त्यांचे स्मारक पुष्कळांनी पाहिले असेल.

पण या पत्राप्रमाणे खरोखर शतकानुशतके जगलेला समाज आपल्या मराठी मुलखातच आहे, तो म्हणजे बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालो, अशी त्यांची परंपरा. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. आडनावे गावांवरून : दिवेकर, केहीमकर, पेणकर. भाषा मराठी. जॉन विल्सनने १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हेच विद्यार्थी होते. संदेष्ट्यांचे ग्रंथ त्यांच्यातल्या सर्वसामान्यांपर्यंत मराठीतूनच पोहोचले, आणि १८८० नंतर तर या समाजात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली.

त्यांच्या घरी शालोम कसा दिसतो? मलिद्यात. गोड पोहे, खोबरे, वेलची, वर फळे असे ताट मांडून, आजारातून उठल्यावर, प्रवासातून सुखरूप आल्यावर, लग्नाआधी, एलियाहू हनाबीचे नाव घेतले जाते. हनाबी म्हणजे संदेष्टा. मलाखीच्या ग्रंथाच्या शेवटी देवाच्या दिवसाआधी जो पाठवला जाईल असे म्हटले आहे तोच हा एलीया. जगभरचे यहुदी त्याची वाट पाहतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापांची खूण आहे, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा. अखेरच्या दिवसाचा दूत त्यांनी रोजच्या सलामतीचा रक्षक केला, आणि माझ्या मते यात संदेष्ट्यांचा मूळ भाव बिघडला नाही, जपला गेला. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ चे. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेले. त्याचे हिब्रू नाव 'शाआर हाराहामीम', दयेचे द्वार.

१९४८ नंतर यांतले बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. वचनाच्या देशात पोहोचल्यावर त्यांना वर्णभेद भोगावा लागला. काही कुटुंबे धरणे धरून १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस भारतात परतली. पुढे विवाहाच्या बाबतीत त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली आणि आंदोलनानंतर १९६४ मध्ये तेथल्या संसदेला त्यांच्या बाजूने बोलावे लागले. आमोस किंवा मीखा यांना यात नवल वाटले नसते. देशात पोहोचणे म्हणजे शालोम, असे त्यांनी कधीच म्हटले नव्हते.

बंदिवासातून परतल्यावर, इ.स.पू. ५२० च्या सुमारास, जखऱ्याला एक तरुण मोजणीची दोरी घेऊन यरुशलेमाची लांबीरुंदी मोजायला निघालेला दिसतो. त्याला थांबवले जाते. शहरात माणसे आणि गुरे इतकी होतील की ते उघड्या खेड्यांसारखे, तटाशिवाय वसेल. देवच भोवती अग्नीचा तट होईल. आज्ञापत्राचे कर्ते रामचंद्रपंत अमात्य यांना हे पटले नसते. दुर्ग हेच राज्याचे सार मानणारा तो मुत्सद्दी, आणि औरंगजेबाची स्वारी अंगावर झेललेला. जखऱ्याही भाबडा नव्हता. पुढे तो वेशीतल्या शालोमची अट सांगतो : एकमेकांशी खरे बोला आणि आपल्या वेशीत खरा न्याय करा. वेस म्हणजे गावचे न्यायाचे ठिकाण, आपल्या चावडीसारखे. त्या शहराचे त्याने रंगवलेले चित्र मला सर्व संदेष्ट्यांत प्रिय आहे. चौकांत म्हातारे-म्हाताऱ्या हातात काठी घेऊन बसले आहेत, कारण वय झाले आहे. आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरले आहेत. मध्येच तरणी पिढी कापली गेली असती तर हे दृश्य जमले नसते.

उरल्या तारखा काढणाऱ्यांच्या गोष्टी. यहेज्केलातल्या गोगच्या स्वारीचा आजच्या कोणत्या देशाशी मेळ बसतो, यावर पुष्कळ कागद खर्ची पडला आहे. त्यांच्यासाठी यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायातला व्यवहार सांगतो. शहराला वेढा आहे, भाव ओरडत आहेत, यिर्मया स्वतः राजाच्या पहाऱ्यात अटकेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ येऊन अनाथोथ गावचे शेत विकत घे म्हणतो; ते त्याच्या हक्काचे आहे. गाव शत्रूच्या ताब्यात. कोणीही शहाणा दमडी देणार नाही. यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखत दोन प्रतींत करतो, एक मोहोरबंद आणि एक उघडी, आणि या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील असे सांगून बारूख नावाच्या लेखनिकाला म्हणतो की दोन्ही कागद मातीच्या भांड्यात घालून ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील.